खतामागचा हिशेब: खालच्या कोर्टातले रानडे

घाटात रेंज गेली की ज्यांचा भाग अर्धवट राहतो, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणंच बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना जे बोललो तेच, फक्त अडखळणं तेवढं काढलंय.

आज विषय आहे एका न्यायाधीशाचा. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण आपल्या सगळ्यांच्या घरात कुणी ना कुणी ऐकवलेली असते. आमच्या कसालवरून ओरोसचं जिल्हा न्यायालय गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर. पण ते अंतर माणसाला फार मोठं वाटतं. सामायिक जमिनीतला हिस्सा, सातबारावर राहून गेलेलं नाव, काजूच्या बागेतून जाणारी वाट, कुणाची तरी जामीनकी. भांडणं अशीच असतात. ती सुप्रीम कोर्टात सुरू होत नाहीत. ती सुरू होतात तालुक्याच्या कोर्टात, आणि बहुतेकांची तिथेच संपतात. तरी आपल्याला नावं कुणाची माहीत असतात? सरन्यायाधीशांची. तालुक्याच्या कोर्टात बसून चाळीस माणसांच्या साक्षी लिहून घेणाऱ्या न्यायाधीशाचं नाव कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून आज महादेव गोविंद रानडे. आता तुम्ही म्हणाल, रानडे तर शाळेच्या पुस्तकात होते! समाजसुधारक, प्रार्थना समाज, सार्वजनिक सभा, गोखल्यांचे गुरू. बरोबर. नावाआधी "न्यायमूर्ती" हा शब्दही इतका चिकटलाय की तो आपल्याला पहिलं नावच वाटतो. पण हा माणूस हायकोर्टाचा न्यायमूर्ती झाला १८९३ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, आणि १९०१ मध्ये गेला. म्हणजे हायकोर्टात जेमतेम सात वर्षं. त्याआधीची बावीस वर्षं तो ज्या कोर्टांत होता त्याला आपण आज "खालचं कोर्ट" म्हणतो. मला आज त्या बावीस वर्षांबद्दल बोलायचंय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. कोर्टं मुळात दोन प्रकारची. एक, जिथे खटला चालतो. साक्षीदार उभा राहतो, कागद दाखल होतात, उलटतपासणी होते. तिथल्या न्यायाधीशासमोरचा प्रश्न साधा असतो, आपल्या मालवणीत सांगायचं तर, "खरा काय ता सांग." दुसरं, अपिलाचं कोर्ट. तिथे साक्षीदार नसतो, खालून आलेली फाईल असते. वरचं कोर्ट कायदा तपासतं, पण नेमकं काय घडलं हे बहुतेक वेळा खालच्याने जे लिहून ठेवलं त्यावरूनच त्याला कळतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तिथेही हेच आहे. सुरुवातीलाच डेटा चुकीचा भरला गेला, तर पुढे कितीही हुशार कोड लिहा, उत्तर चुकीचंच येणार.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी अमेरिकन कोर्टाच्या सिरीज बघितल्या असतील. तिथे केंद्र सरकारच्या कायद्याखालचे खटले चालवणारे जे जिल्हा न्यायाधीश असतात, त्यांच्या जागा सगळ्या देशात मिळून पावणेसातशेच्या आसपास. राष्ट्राध्यक्ष नेमतो, सिनेट मंजुरी देते, आणि मग तो माणूस तहहयात न्यायाधीश. त्याचा पगार कमी करता येत नाही. निकाल आवडला नाही म्हणून त्याला उचलून दुसऱ्या गावी टाकता येत नाही. हे लक्षात ठेवा, कारण रानड्यांच्या हातात यातलं काहीही नव्हतं.

रानडे जन्मले १८ जानेवारी १८४२ ला, नाशिक जिल्ह्यात निफाडला. वडील कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत, त्यामुळे शाळा कोल्हापुरात. पुढे मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये. मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी ते एक, १८६२ चे बी.ए. विद्यार्थी असतानाच एका निबंधात त्यांनी इंग्रजी राज्याशी तुलना करून मराठ्यांच्या राज्याची बाजू उचलून धरली, तेव्हा प्रिन्सिपल अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. १८६६ ला कायद्याची पदवी. मग सरकारी भाषांतरकार, अक्कलकोटला कारभारी, कोल्हापूर संस्थानात न्यायाधीश, एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक. असं सगळं करून १८७१ मध्ये ते पुण्यात पहिल्या वर्गाचे सबॉर्डिनेट जज्ज झाले.

सबॉर्डिनेट. म्हणजे शब्दशः हाताखालचा. काम दिवाणी. कर्ज, गहाण, वाटणी, दत्तक, वारसा. दिवसभर हे. आणि संध्याकाळी सार्वजनिक सभा, वक्तृत्वोत्तेजक सभा, ग्रंथालय, प्रार्थना समाज. सरकारी नोकरीत असलेला माणूस संध्याकाळी दुष्काळात शेतकऱ्याची काय अवस्था आहे यावर सभेसाठी अर्ज तयार करतोय, हे सरकारला कसं वाटत असेल? कोर्टातल्या कामात बोट ठेवायला जागा नव्हती. पण माणसावर लक्ष ठेवायला जागा भरपूर होती.

१८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकला झाली. मग आलं १८७९. वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड चालू होतं. फडके पुण्यातच कारकून होते, आणि देशाच्या गरिबीबद्दलची रानड्यांची व्याख्यानं त्यांनी ऐकली होती. मे महिन्यात पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा पेटले. त्याच महिन्यात रानड्यांना हुकूम आला: ताबडतोब धुळ्याला जा. आरोप नाही, चौकशी नाही, लेखी ठपका नाही. फक्त बदली.

धुळ्यात काय झालं ते रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. त्यांचं टपाल फोडलं जायचं. आणि बंडवाल्यांच्या नावाने त्यांना पत्रं यायची, अमुक ठिकाणी अमुक बेत आहे वगैरे. आता विचार करा, अशा पत्राचं काय करायचं? जवळ ठेवलं तर तुम्ही कटात. फाडलं तर पुरावा नष्ट केला. रानडे ती पत्रं पोलिसांकडे पाठवून द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोर्टात बसून कुणाच्या तरी वाटणीचा दावा ऐकायचे.

मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त आदर इथे वाटतो. पुढे मोठमोठी भाषणं झाली, ग्रंथ झाले, ते आहेच. पण ज्या सरकारचा आपल्यावर विश्वास नाही, त्याच सरकारच्या खुर्चीत बसून समोरच्या माणसाला नीट न्याय द्यायचा, कडवटपणा निकालात उतरू द्यायचा नाही, आणि खुर्ची सोडूनही जायचं नाही. हे रोज करणं सोपं नसतं. आपल्यापैकी किती जण मॅनेजरने एकदा टाकून बोललं की आठवडाभर मन लावून काम करत नाहीत!

कागद खरा, पण गोष्ट?

आता येऊ त्या कामाकडे, ज्यासाठी मी हा भाग केला.

१८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला, आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. दख्खनच्या शेतकऱ्याला सावकार हसत हसत पैसे देऊ लागला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले. त्याच सुमाराला भीमथडी, इंदापूर भागात सरकारने शेतसारा वाढवला. कर्ज राहिलं, पैसा गेला.

त्यात एक कायद्याची गंमत होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावायचा असं ठरवलं. हेतू चांगला, कर्जदाराच्या डोक्यावर जुनं कर्ज कायम लटकत राहू नये. पण झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार म्हणायचा, दावा लावू की नवं खत करतोस? आणि नव्या खतात जुनं व्याज मुद्दल म्हणून लिहिलं जायचं.

हिशेब करून बघा. समजा पन्नास रुपये घेतले, दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने. तीन वर्षांत व्याज छत्तीस. नवं खत झालं शहाऐंशीचं. आणखी तीन वर्षांनी खत एकशे अठ्ठेचाळीसचं. आणखी तीन वर्षांनी दोनशे चोपन्न. नऊ वर्षांत पन्नासचे दोनशे चोपन्न. मधे मधे दिलेली जोंधळ्याची पोती, कडबा, फुकट केलेलं काम, याची कुठे नोंद नाही. खताखाली अंगठा मात्र खरा. शेवटचं खत कोर्टात गेलं की त्यावर लिहिलेलं असायचं: "रोख घेतले रुपये दोनशे चोपन्न." कागद खरा, सही खरी, साक्षीदार खरे. आणि गोष्ट खोटी.

कोर्ट काय करायचं? कागद बघायचं, आणि सावकाराच्या बाजूने हुकूमनामा द्यायचं. बहुतेक वेळा शेतकरी यायचाच नाही. समन्स मिळालेलं नसायचं, मिळालं तरी वाचता यायचं नाही, आणि वाचलं तरी वकिलाला पैसे कुठले? एकतर्फी निकाल, जप्ती, तुरुंग.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी लोक उठले. पुढे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत गेलं. या दंग्यांत एक विलक्षण गोष्ट दिसते. लोकांना पाहिजे होते ते कागद. सावकाराने खतं आणि वह्या मुकाट्याने दिल्या तर त्याला बहुधा हात लावला जात नव्हता. कागद चौकात आणून जाळायचे. निरक्षर माणसाला आपला शत्रू नेमका माहीत होता. आजच्या भाषेत सांगायचं तर लोक सर्व्हरच जाळायला निघाले होते.

सरकारने आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये कायदा आला, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा, पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांत. त्यातल्या तरतुदी बघा. न्यायाधीशाने खतावर थांबायचं नाही, व्यवहार सुरू झाला तिथपर्यंत मागे जायचं. मुद्दल वेगळं, व्याज वेगळं, व्याजावर व्याज नाही. वाजवी दर कोर्टाने ठरवायचा. आपल्या उदाहरणात समजा वर्षाला शेकडा बारा धरला, तर नऊ वर्षांचं व्याज होतं चौपन्न, म्हणजे देणं एकशे चार, आणि त्यातून दिलेलं वजा. प्रतिवादी शेतकऱ्याला समोर बोलावून त्याचं म्हणणं ऐकायचं. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकायचं नाही. जमीन स्पष्ट गहाण दिलेली नसेल तर ती विकायची नाही. कर्जदाराला पावती आणि हिशेब मागण्याचा हक्क. दावा लावण्याआधी सलोखा करून देणारे मध्यस्थ, छोट्या रकमांसाठी गावचे मुन्सफ.

कायदा झाला. पण कायदा म्हणजे कागदच. कागदाच्या मागे जाऊन बघणारा माणूस पाहिजे. चार जिल्ह्यांतल्या कोर्टांचं काम तपासायला सरकारने स्पेशल जज्ज नेमला, डॉ. पोलन म्हणून. आणि १८८१ मध्ये, दोनच वर्षांपूर्वी ज्याला संशयावरून धुळ्याला पाठवलं होतं, त्याला मुंबईत काही काळ प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट केल्यानंतर, पुणे आणि सातारा जिल्ह्यांसाठी पोलनच्या हाताखाली हे काम दिलं. सरकारला रानडे नको होते, पण रानड्यांशिवाय दुसरं कोण होतं? १८८४ ला ते पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे जज्ज झाले. १८८५ ला कायदे मंडळावर, १८८६ ला हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची तपासणी करणाऱ्या समितीवर. आणि १८८७ ला पोलनच्या जागी स्वतः स्पेशल जज्ज.

हे काम एका जागी बसून व्हायचं नाही. चार जिल्हे फिरायचे. वर्षातले कित्येक महिने मुक्काम हलत असायचा, आणि रमाबाई बरोबर असायच्या. गावोगावच्या कोर्टात जायचं आणि खालच्या न्यायाधीशांचे निकाल, फाईली तपासायच्या. आपल्याकडे कोड रिव्ह्यू असतो ना, तसंच, फक्त इथे चुकलेल्या ओळीमागे कुणाचं तरी शेत असायचं. या न्यायाधीशाने शेतकऱ्याला खरंच समोर बोलावलं का? व्यवहाराचा इतिहास विचारला का, की विचारल्याचं नुसतं लिहिलं? व्याज मुद्दलात मिसळलं का? अधू डोळ्यांच्या माणसाने हे काम सहा वर्षं केलं.

याने दख्खनचा शेतकरी कर्जातून सुटला का? नाही. सावकार हुशार होते. गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले, म्हणजे मागे जाऊन बघायला इतिहासच उरत नाही. काही सावकारांनी कर्ज देणंच आखडतं घेतलं, आणि पेरणीच्या तोंडावर पैसा आणायचा कुठून हा प्रश्न तसाच राहिला. रानड्यांना हे दिसत होतं. कोर्ट अन्याय अडवेल, पण भांडवल देणार नाही. म्हणून शेतीसाठी स्वस्त कर्ज देणाऱ्या बँका पाहिजेत असं ते सांगत राहिले. विल्यम वेडरबर्न नावाचे दुसरे एक न्यायाधीश, जे पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झाले, त्यांनी पुरंदर तालुक्यात अशा बँकेचा प्रयोग करायची योजना मांडली होती. ती विलायतेत अडली. सहकारी पतसंस्थांचा कायदा आला तो १९०४ मध्ये, रानडे गेल्यानंतर.

वरची खुर्ची

मुंबई हायकोर्टात तेव्हा हिंदी माणसांसाठी अशी जणू एकच जागा होती. आधी नानाभाई हरिदास. ते १८८९ ला गेले, त्या जागी काशिनाथ त्र्यंबक तेलंग. तेलंग रानड्यांपेक्षा वयाने लहान, मोठे पंडित, आणि वकिलीतून थेट हायकोर्टात गेलेले. रानडे तेव्हा चार जिल्ह्यांच्या फायली तपासत फिरत होते. तेलंग १ सप्टेंबर १८९३ ला, फक्त त्रेचाळिसाव्या वर्षी गेले, आणि त्याच वर्षी रानड्यांची नेमणूक झाली. पुण्यात सत्कारांवर सत्कार झाले. धुळ्याच्या त्या बदलीनंतर चौदा वर्षांनी.

१६ जानेवारी १९०१ ला रानडे गेले. मराठी सत्तेच्या उदयावरचं त्यांचं पुस्तक आदल्याच वर्षी आलं होतं.

आता तुम्ही विचाराल, आज याचं काय?

एक तर बदली. आज तुमच्या तालुक्याच्या न्यायाधीशाची बदली मंत्री करू शकत नाही. राज्यघटनेच्या कलम २३५ प्रमाणे जिल्हा आणि त्याखालच्या न्यायालयांवर ताबा हायकोर्टाचा असतो, सरकारचा नाही. हे कलम शाळेत कुणी शिकवत नाही. पण मला ते वाचताना दर वेळी धुळे आठवतं. एखाद्या न्यायाधीशाला "तिकडे जा" म्हणणं ही किती सोपी शिक्षा आहे, आणि ती त्याच्याबरोबर त्याच्यासमोर उभ्या असलेल्या पक्षकारालाही कशी भोगावी लागते, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ते लिहिलं असणार.

दुसरं, अंतर. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय, कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि आपला सिंधुदुर्ग यांच्यासाठी. अपिलासाठी मुंबई गाठायची, तिथे राहायचं, वकिलाला भेटायचं, तारीख पुढे गेली की परत यायचं, यातून आपली माणसं बऱ्यापैकी सुटली. चांगलीच गोष्ट आहे. पण अपील होतं ते खालच्या निकालावर. तो निकाल ओरोस, कुडाळ, मालवणातच लिहिला जाणार.

आणि तिसरं, तिथे आज काय चाललंय. देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत चार कोटींहून जास्त खटले पडून आहेत, आणि न्यायाधीश काम करतायत सुमारे वीस हजार. भागाकार तुम्हीच करा. दिवसाला एवढी प्रकरणं बोर्डावर असताना एका माणसाने प्रत्येक खताच्या मागे जाऊन बघायचं कसं? ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख दिसते, निकालही दिसतो, आणि माझ्या क्षेत्रातल्या लोकांनी केलेलं हे काम खरंच चांगलं आहे. पण ॲप तारीख दाखवतं. कागदावर लिहिलेलं आणि घडलेलं यातला फरक ओळखायला समोर बसलेला, वेळ असलेला, आणि कुणाला न घाबरणारा माणूसच लागतो. दीडशे वर्षांपूर्वी लागत होता, आजही लागतो. आज मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप आहेत. "मला मान्य आहे" वर आपण जो अंगठा टेकवतो, तो आणि सुप्याच्या शेतकऱ्याचा अंगठा फार वेगळा नाही.

कायद्याचं शिकणारे काही जण हा भाग ऐकतात, हे तुमच्या मेसेजवरून कळतं. तुमच्यातलं कुणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसणार असेल, आणि घरचे म्हणत असतील की हायकोर्टात वकिली कर, खालच्या कोर्टात काय आहे, तर त्यांना ही गोष्ट ऐकवा. खालच्या कोर्टात बावीस वर्षं काढलेल्या एका माणसाची.

बाकीच्यांनी एक करा. बहुतेकांच्या घरात ट्रंकेत नाहीतर कपाटाच्या वरच्या कप्प्यात जुने कागद असतात. गहाणखत, वाटणीपत्र, पावत्या. घरातल्या थोरल्यांना ठाऊक असतं त्यात काय लिहिलंय, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय लिहिलेलं नाही. ते असेपर्यंत विचारून घ्या, फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. कागद मागे राहतो, गोष्ट राहत नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, येवा.